वाढलेलं झाड लहान करताना: कुठे कापायचं, किती कापायचं, कुठे थांबायचं

बागेतलं झाड छपरावर झुकू लागलं किंवा त्याने सगळं ऊन अडवलं, की आधी सुचतो तो उपाय म्हणजे ठरावीक उंची धरून वरचं सगळं उडवणं. याला शेंडा मारणं म्हणतात. झाड एका दिवसात निम्मं होतं आणि काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. पुढच्या हंगामात प्रत्येक खुंटाच्या टोकाशी सरळसोट धुमाऱ्यांचा झुबका फुटतो आणि काही वर्षांत झाड जुन्या उंचीला येऊन पोचतं. आता ते आधीपेक्षा दाट असतं आणि फांद्या आधीपेक्षा कच्च्या असतात.

याचं कारण झाडाच्या पोटात आहे. पानांनी बनवलेल्या अन्नातला उरलेला भाग खोड, फांद्या आणि मुळांत साठवलेला असतो. बहुतेक पानं एकदम गेली की तो साठा खर्चून झाड सालीखाली निजलेले डोळे, म्हणजे न उमललेले कोंब, जागे करतं आणि शक्य तितक्या लवकर नवी पानं उभी करतं. साधी फांदी कोवळी असल्यापासून खोडाबरोबर जाड होत आलेली असते, म्हणून तिचं बूड खोडाच्या लाकडात खोल रुतलेलं असतं. धुमारा मात्र लाकडाच्या सर्वात बाहेरच्या थरालाच चिकटलेला असतो, आणि त्याच्याखालचा खुंट तोवर कुजू लागलेला असतो. धुमारा मनगटाएवढा जाड आणि पानांनी जड झाला की वाऱ्याच्या एका झोताने बुडापासून निखळू शकतो. शिवाय वर्षानुवर्षं सावलीत राहिलेल्या सालीवर एकाएकी कडक ऊन पडलं की ती भाजते आणि तडकते.

झाड लहान करता येतं, पण त्यासाठी प्रत्येक लांब फांदी तिच्याच एखाद्या उपफांदीपर्यंत मागे आणावी लागते. हे काम सावकाश, दोन-तीन हंगामांत विभागून होतं. छाटणीनंतर झाड छाटलेलं आहे हे दुरून कळू नये, इतकं ते बेमालूम जमायला हवं.

झाडाची जखम भरत नाही, बंद होते

माणसाच्या कातडीवरची जखम भरते तेव्हा जुन्या पेशींच्या जागी नव्या येतात. झाडात तसं होत नाही. कापलेलं लाकूड कायमचं तिथेच राहतं. झाड त्या भागाभोवती रासायनिक आणि भौतिक भिंती उभ्या करतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवून तोंड मिटवतं. अमेरिकेच्या वन खात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य झाडं उभी चिरून हे दाखवलं आणि 1970च्या दशकात त्याची नीट मांडणी केली. छाटणीचे आजचे बहुतेक नियम याच समजुतीवर उभे आहेत.

त्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, जखम जितकी लहान तितकी ती लवकर मिटते. फांदी बरीच जाड झाली की तिच्या मध्यभागी गाभ्याचं लाकूड तयार झालेलं असतं. त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे तिथे झाडाला बचाव करता येत नाही. म्हणून 10 सेंटीमीटरपेक्षा जाड फांदी शक्यतो कापू नये. विलो, पॉपलर यांच्यासारख्या मऊ लाकडाच्या, लवकर कुजणाऱ्या झाडांत ही मर्यादा 5 सेंटीमीटर धरावी. दुसरी, झाडाने भिंत घालण्याची सोय जिथे आधीच करून ठेवली आहे, तिथेच कापावं.

ही जागा डोळ्यांना दिसते. फांदी खोडाला मिळते तिथे खालच्या बाजूला आणि कडांना किंचित फुगवटा असतो. त्याला कॉलर म्हणतात. वरच्या बाजूला, बेचक्यात, साल दाबली जाऊन एक खरबरीत, काळपट उंचवटा तयार झालेला असतो. ती सालीची कड. कॉलर खोडाचा भाग आहे, फांदीचा नाही. खोडाला घासून सपाट काप घेतला की कॉलर जातो, जखम दुप्पट मोठी होते आणि कूज थेट खोडात उतरते. उलट, दहा-वीस सेंटीमीटरचा खुंट ठेवला तर त्याला अन्न पुरवणारं पान उरत नाही. तो वाळतो, कुजतो, आणि त्याला ओलांडून तोंड मिटवणं झाडाला जमत नाही. ढोल्यांची सुरुवात पुष्कळदा अशाच खुंटांपासून होते. योग्य काप या दोन्हींच्या मधला: कॉलर संपतो तिथून, कॉलरला धक्का न लावता. वर्षाभरात कापाभोवती सारख्या जाडीचं गोल कडं दिसू लागलं तर काप बरोबर बसला. कडं वर-खाली तुटलेलं आणि फक्त दोन्ही बाजूंना असेल, तर कॉलर कापला गेला आहे.

जखमेवर रंग, डांबर किंवा सीलंट लावून कूज थांबत नाही; त्याच्याआड ओल कोंडून ती वाढण्याचीच शक्यता असते. बोर्डो पेस्टचं थोडं वेगळं आहे. ते बुरशीनाशक आहे आणि फळबागांमध्ये काही रोगांसाठी वापरलं जातं, पण चुकीच्या जागी घेतलेल्या कापाची भरपाई तेही करत नाही.

किती काढायचं? वाटतं त्यापेक्षा बरंच कमी

घेराचं गणित इथे फसवतं. झाडाचा वरचा पसारा साधारण गोल आणि 6 मीटर रुंद आहे असं धरू, म्हणजे त्रिज्या 3 मीटर. सगळ्या बाजूंनी फक्त 30 सेंटीमीटर आत आलं तर त्रिज्या 10 टक्क्यांनी घटते, पण आकारमान 27 टक्क्यांनी. 60 सेंटीमीटर आत आलं की जवळजवळ निम्मा पसारा गेला. आणि “सगळीकडून एक मीटरच घ्या” असं कुणाला सांगितलं तर तो 70 टक्के झाड उतरवणार आहे. पानं मुख्यतः बाहेरच्या थरात असतात, म्हणून पानांचं खरं नुकसान या आकड्यांहूनही जास्त असू शकतं.

निरोगी झाडाच्या जिवंत पानोऱ्यापैकी एका हंगामात 25 टक्क्यांहून जास्त काढू नये. जुन्या किंवा आजारी झाडात 10 टक्क्यांच्या आसपास थांबावं. 8 मीटरचं झाड 6 मीटरवर आणायचं असेल तर ते एका छाटणीत बसत नाही. पहिल्या वर्षी सर्वात उंच आणि सर्वात पुढे आलेल्या काही फांद्या मागे आणायच्या, एक-दोन हंगाम जाऊ द्यायचे, मग पुढच्या. घाईपोटी 40-50 टक्के काढलं की पुन्हा धुमाऱ्यांचं चक्र सुरू, म्हणजे वेळ वाचत नाहीच.

मुळात गरज खरंच उंची कमी करण्याची आहे का, हेही आधी तपासा. वाटेवरून जाताना डोक्याला लागतं, तर खालच्या दोन फांद्या काढणं पुरेसं असतं. खोलीत अंधार येतो, तर आतल्या वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून भागू शकतं. सगळ्या झाडाला गोल आकार देण्यापेक्षा छपराच्या बाजूच्या तीन-चार फांद्या आखूड करणं झाडालाही सोसतं. आणि प्रौढपणी 20 मीटर होणारी जात भिंतीपासून दोन मीटरवर लावलेली असेल, तर दर दोन वर्षांनी तिच्याशी झगडत बसण्यापेक्षा ती काढून जागेला शोभेल असं झाड लावणं जास्त शहाणपणाचं.

एक तृतीयांशचा नियम

फांदी आखूड करताना बाहेरच्या टोकापासून आत येत जा आणि पहिलं सोयीचं बेचकं शोधा. तिथली उपफांदी ही कापल्या जाणाऱ्या फांदीच्या जाडीच्या किमान एक तृतीयांश असायला हवी. निम्मी असेल तर उत्तम. कापाच्या जागी फांदी 6 सेंटीमीटर जाड असेल तर मागे राहणारी उपफांदी किमान 2 सेंटीमीटरची हवी. एवढी पानं असली की ती त्या फांदीला अन्न पुरवते, तिचं टोक म्हणून काम करते आणि खालच्या डोळ्यांना दाबून ठेवते. पेन्सिलीएवढ्या डहाळीपर्यंत कापलं तर झाडाच्या हिशेबाने तो शेंडा मारलाच. उपफांदी ज्या दिशेला जाते तिकडेच पुढची वाढ जाणार, म्हणून छपराकडे तोंड असलेली निवडू नका.

अशा कापात कॉलर काढून टाकायच्या बाजूला नसतो, म्हणून कोन अंदाजाने धरावा लागतो. बेचक्यातल्या सालीच्या कडेची एक रेषा मनात धरा, काढायच्या फांदीला काटकोनात दुसरी, आणि त्या दोन्हींच्या साधारण मधून करवत चालवा. काप तिरपा येतो, खुंट राहत नाही आणि राहणाऱ्या फांदीचं बूडही सोललं जात नाही.

2-3 सेंटीमीटरपेक्षा जाड किंवा जड कोणतीही फांदी एका कापात काढू नये. करवत अर्ध्यावर पोचली की फांदी वजनाने खाली मोडते आणि मोडताना खोडाची साल हातभर सोलून नेते. ती जखम कापापेक्षा मोठी असते आणि दुरुस्त करता येत नाही. त्यासाठी तीन काप घ्यायचे. पहिला खोडापासून सुमारे 30 सेंटीमीटरवर, खालून वर, जाडीच्या पाव ते एक तृतीयांश. करवत अडकायला लागली की थांबा. दुसरा काप त्याच्यापेक्षा 3 ते 5 सेंटीमीटर बाहेरच्या बाजूला, वरून खाली. फांदी मोडेल, पण सालीची चिरफाळी पहिल्या कापापाशी येऊन थांबेल. आता हातात फक्त एक हलका खुंट उरतो. तो हाताने धरून, कॉलरच्या बाहेरून, तिसऱ्या कापाने काढायचा. वाळलेल्या फांदीच्या बुडाशी पुष्कळदा जिवंत कॉलर पुढे सरकून आलेला दिसतो. तिथे फक्त मेलेलं लाकूड कापा, तो फुगवटा कितीही बेढब दिसला तरी.

जमिनीवरून जमेल तेवढंच

ओलं लाकूड पुष्कळदा जवळजवळ पाण्याएवढंच जड असतं. 10 सेंटीमीटर जाड आणि 3 मीटर लांब फांदीचं नुसतं लाकूड 20 किलोच्या आसपास भरतं. पानं आणि डहाळ्या वेगळ्या. जाडी दुप्पट, म्हणजे 20 सेंटीमीटर झाली की वजन चौपट होऊन 80-90 किलोवर जातं. असं वजन दोराने हळू उतरवता येईल असं वाटतं, पण पडती फांदी दोर अचानक ताणते तेव्हा स्थिर वजनाच्या कितीतरी पट झटका बसतो. दोर तुटतो, किंवा तो धरणारा माणूस उचलला जातो.

शिडी टेकवून करवत चालवणं हा या कामातला सर्वात धोक्याचा भाग. ज्या फांदीला शिडी टेकवली आहे तिचं टोक कापलं की ओझं गेल्यामुळे ती एकदम वर उसळते आणि शिडीचा आधार निघून जातो. किंवा तुटलेली फांदी झोका घेऊन शिडीच्या पायावर येते. वर दोन्ही हात करवतीत गुंतलेले असतात. म्हणून नियम सरळ ठेवा: दोन्ही पाय जमिनीवर ठेवून लांब दांड्याच्या करवतीने पोचता येतं तेवढं तुमचं काम, त्यावरचं प्रशिक्षित माणसाचं. दांडा 60 अंशांपेक्षा उभा धरू नका. तो उभा होत गेला की फांदी थेट डोक्यावर येते. उभं राहायचं फांदीच्या बाजूला, कधीच खाली नाही, आणि मागे हटायची वाट आधीच मोकळी करून ठेवायची. फांदीच्या लांबीच्या दुप्पट अंतरात माणूस किंवा जनावर नको.

विजेची तार झाडाच्या कोणत्याही भागापासून 3 मीटरच्या आत असेल तर करवत उचलूच नका. उच्च दाबाच्या तारेला हे अंतर आणखी वाढतं. ओल्या फांदीतून वीज वाहते, धातूच्या दांड्यातून तर वाहतेच, आणि तारेवरचं आवरण हे संरक्षणासाठी असेलच असं नाही. वीज पुरवणाऱ्यांना कळवून प्रवाह बंद करून घेणं हाच मार्ग.

आणखी काही खुणा दिसल्या तर माघार घ्या: बुंध्याशी उगवलेल्या अळंब्या किंवा कडक बुरशीची फळं, खोडाला उभी चीर, एका बाजूला नुकतीच उचललेली माती, वर अडकून लटकलेली तुटकी फांदी, वादळात वाकून ताणाखाली राहिलेली फांदी. ताणाखालची फांदी कापताच स्प्रिंगसारखी सुटते आणि कुठल्या दिशेला, हे अनुभव असल्याशिवाय ओळखता येत नाही.

चेनसॉ कामाला वेग देते, पण तिच्या पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला लागला की ती क्षणात चेहऱ्याकडे उसळते. म्हणून ती एका हाताने, खांद्याच्या वर किंवा शिडीवर कधीच चालवू नये. जमिनीवर पडलेल्या फांद्यांचे तुकडे करायला ती ठीक.

हत्यारं फार लागत नाहीत. बोटाएवढ्या, म्हणजे 2 सेंटीमीटरपर्यंतच्या डहाळीला सिकेटर, म्हणजे एका हातात मावणारी छाटणीची कात्री, 4 सेंटीमीटरपर्यंत लॉपर, म्हणजे लांब दांड्यांची कात्री, त्यापुढे ओढताना कापणारी घडीची करवत. सिकेटरची दोन पाती एकमेकांना घासून जाणारी असावीत. एक पातं सपाट पट्टीवर आपटणारा प्रकार जिवंत लाकूड चेंगरतो. कोयता छाटणीसाठी नाहीच, त्याचा काप फाटका येतो. रोगट झाडावरून निरोगी झाडावर जाताना पाती 70 टक्के अल्कोहोलने पुसा. हेल्मेट, चष्मा, हातमोजे आणि बंद बूट लागतातच. चष्मा केवळ भुशासाठी नाही: वड-पिंपळाच्या वंशातल्या झाडांचा चीक आणि आंब्याचा चीक कातडीला आणि डोळ्यांना त्रास देतो. कण्हेर विषारी आहे. तिच्या फांद्या जाळू नयेत, धूरही बाधतो.

कधी, आणि कोणत्या झाडाला हे लागू नाही

पानगळीची झाडं विश्रांतीच्या काळाच्या शेवटी, नवी पालवी फुटण्याआधी छाटावीत. सदाहरित झाडांची एक पालवी पिकून गर्द झाली की कोरड्या हवेत. पालवी फुटत असताना कापू नका: साठा नुकताच खर्ची पडलेला असतो आणि साल सहज सुटते. सततच्या पावसातही नको, कारण ताज्या जखमेवर बुरशीची बीजं लगेच रुजतात. मेपल, बर्च, अक्रोड यांच्या कापातून वसंताच्या तोंडाशी भरपूर रस गळतो. चेरी आणि प्लम कोरड्या उन्हाळ्यातच छाटतात, नाहीतर चंदेरी पानांचा बुरशीजन्य रोग शिरतो. आंब्यासारख्या झाडांना पिकलेल्या फांदीच्या टोकाशी मोहोर येतो, म्हणून फळं उतरताच छाटलं तर नव्या फांद्यांना पिकायला वेळ मिळतो. उशीर झाला तर तो मोहोर गेलाच. झाडात चालतं घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा. स्थानिक परवानगीचे नियम जागोजागी वेगळे असतात, ते करवतीच्या आधी पाहा.

नारळ, सुपारी, ताड यांचा वाढीचा कोंब एकच असतो. तो कापला की ते खोड मेलं. त्यांची उंची कमी होऊच शकत नाही. पाइन, सायप्रस, थुजा यांसारखी सूचिपर्णी झाडं पान नसलेल्या जुन्या लाकडातून सहसा फुटत नाहीत, म्हणून त्यांना हिरव्या भागाच्या आत कापलं तर तिथे कायमचं उघडं भगदाड राहतं. यू नावाचं सूचिपर्णी झाड हा मोठा अपवाद.

दुसऱ्याकडून काम करून घेताना “थोडं कमी करा” एवढ्यावर सोडू नका. कोणत्या फांद्या, शेवटची उंची किती मीटर, सर्वात मोठा काप किती जाडीचा, हे आधी लिहून ठरवा. जिवंत झाडावर खिळ्यांचे बूट घालून चढणाऱ्याला थांबवा. प्रत्येक पावलाला खोडात भोक पडतं, आणि असे बूट फक्त तोडून टाकायच्या झाडावर चालतात. आतल्या डहाळ्या साफ करून फक्त टोकांना पानांचे झुपके ठेवणाऱ्यालाही थांबवा. ते नीटनेटकं दिसतं, पण सगळं वजन टोकाला जाऊन फांदी वाऱ्यात मोडते.

छाटताना आधी वाळलेल्या, रोगट आणि घासणाऱ्या फांद्या काढा. त्यातल्या जिवंत फांद्या 25 टक्क्यांत किती भर घालतात ते पाहा, मग उंची, मग बाजू. दर चार-पाच कापांनंतर दहा पावलं मागे जाऊन झाड सगळ्या बाजूंनी पाहा. कापलेलं परत लावता येत नाही.

नंतरचं वर्ष

छाटणीनंतर नत्रयुक्त खत देऊ नका. ते धुमाऱ्यांना चेतवतं. कोरड्या दिवसांत खोलवर पाणी द्या आणि बुंध्याभोवती 5 ते 10 सेंटीमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, खोडाला मात्र ते चिकटू देऊ नका. धुमारे थोडे तरी येतातच. कोवळे असताना ते बोटाने खुडता येतात आणि जखमही राहत नाही. पण सगळे काढू नका, कारण झाडाला पानं हवीत म्हणूनच ते आले आहेत. बुडाशी पक्के बसलेले, मोकळ्या जागेकडे जाणारे निवडून तीनपैकी एक ठेवा आणि बाकीचे एक-दोन हंगामांत टप्प्याने कमी करा. ज्या झाडाचा शेंडा पूर्वी मारला गेला आहे, तेही याच पद्धतीने सावरतं: प्रत्येक खुंटावर एक-दोन दमदार धुमारे फांदी म्हणून वाढू द्यायचे, बाकीचे काढायचे. त्याला पाच-सात वर्षं लागू शकतात आणि त्या खुंटांची कूज दरवर्षी तपासावी लागते.